हात वर करताना
(रत्नागिरीत बचत गटांच्या आणि स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय छापून आला, 'वजन उतरल्यावर लोंबणारी दंडाची कातडी', तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, "अगं, हा काय विषय झाला? रक्तक्षय आहे, गर्भपिशव्या काढून टाकणं आहे, दारू आहे, मारहाण आहे. आणि तू दंडावर बोलणार?" त्यांचं म्हणणं मला समजतं. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. म्हणाले असते कशाला, म्हणालेच होते. तिथूनच सुरुवात करते.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. शिवणकाम करतात. सगळ्या वाडीचे ब्लाउज त्यांच्याकडे. त्यांचं वजन ११० किलोच्या वर गेलं होतं. मधुमेह होता, गुडघे धरले होते. मुंबईतल्या चाकरमानी भावाने पुढाकार घेतला आणि त्यांचं जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं. दीड वर्षात ४५ किलो उतरले. साखर आटोक्यात आली. पायमशीन पुन्हा चालवू लागल्या. आम्ही गटात पेढे वाटले.

एके दिवशी बैठक संपल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं. ह्या हातांचं काय करू?" पदर बाजूला करून त्यांनी दंड दाखवला. कोपरापासून काखेपर्यंत कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. काखेजवळ लाल चट्टा होता, सोललेला.

आणि मी काय म्हणाले? "अहो ताई, जीव वाचला, साखर उतरली. आता दंडाचं काय घेऊन बसलात? लांब बाह्या शिवा." शिवणकाम करणाऱ्या बाईला मी बाह्या शिवायला सांगितलं! त्या हसल्या, पदर घेतला आणि गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई. समोरच्या माणसाचा प्रश्न केवढा मोठा हे आपण ठरवायचं नसतं, हा आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती.

मग माझी पाळी आली. तेहेतिसाव्या वर्षी माझं वजन १०२ किलो होतं आणि रक्तातली साखर वाढू लागली होती. मी ऑपरेशन केलं नाही. जेवण बदललं, रोज सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर चालू लागले. दोन वर्षांत ३६ किलो कमी झाले. जो तो म्हणे, "किती छान दिसतेस!" म्हणजे आधी मी कशी दिसत होते, ते तेव्हा कळलं. आणि मग हळूच, "फक्त हात तेवढे... काहीतरी कर हं त्यांचं."

मी म्हणत असे, मला काही वाटत नाही. एकदा जिल्हाधिकारी कचेरीवर आपला मोर्चा होता. घोषणा देताना बाही खाली सरकली आणि दंडाची कातडी हलली. मागच्या रांगेतल्या दोन मुली हसल्या. त्या दुसऱ्याच कशाला हसल्या असतील, पण त्यानंतर कितीतरी दिवस माझी मूठ खांद्याच्या वर जात नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एका मैत्रिणीने विचारलं, "खांदा दुखतो का गं तुझा?" तेव्हा कळलं. एवढी वर्षं बायकांना 'हात वर करा, ग्रामसभेत हात वर करा' सांगणारी मी, आणि माझाच हात वर जाईना.

मग मी त्या ताईंच्या घरी गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मॅडम, सगळ्या वाडीचा दंडघेर मी मोजते. माझा कुणी मोजू नये असं वाटतं." त्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून माहिती काढायला सुरुवात केली. तीच आज तुमच्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न, कातडी लोंबते का? आपल्या कातडीच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेन कातडीला बळकटी देतं. इलॅस्टिन ताणलेली कातडी परत जागेवर आणतं. परकराला घातलेलं इलॅस्टिक वर्षानुवर्षं ताणून राहिलं की सैल पडतं, मग ते कितीही धुतलं-वाळवलं तरी आखडत नाही. कातडीचंही तसंच. अनेक वर्षं चरबीवर ताणून राहिल्याने हे तंतू तुटतात, विरळ होतात. मोठ्या वयात शरीर नवं इलॅस्टिन जवळजवळ तयार करत नाही. आतली चरबी गेली, पण कातडी तेवढीच उरली. दंडाच्या मागची कातडी मुळात पातळ, म्हणून तिथे ते लवकर दिसतं.

कुणाची किती लोंबेल हे बऱ्याच गोष्टींवर असतं. वजन किती वाढलं होतं, किती वर्षं होतं, किती उतरलं, वय काय, आईकडून-वडिलांकडून कातडी कशी मिळाली, उन्हात काम किती, तंबाखू आहे का. आपल्याकडे तंबाखू म्हणजे मशेरीसुद्धा! बायका सांगतात, "मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते." मशेरी तंबाखूचीच असते आणि तिच्यातलं निकोटिन कातडीचा रक्तपुरवठा कमी करतं.

म्हणजे 'तू भरभर वजन उतरवलंस म्हणून असं झालं', 'तू व्यायाम नीट केला नाहीस', हे जे बाईला ऐकवलं जातं, ते मनावर घेऊ नका. व्यायामाने स्नायू बळकट होतो. दंडाच्या मागचा स्नायू भरला की थोडी पोकळी भरून निघते, हात जोरकस होतो. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन घरी करता येतो, जरूर करावा. पण जादा झालेली कातडी व्यायामाने आखडत नाही. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ती आपोआप थोडीफार आवळते, तरुण मुलींची जास्त. म्हणून वाट पाहावी. तेल चोळून, हळद-बेसन लावून, प्लास्टिक गुंडाळून, महागडी मलमं लावून मोठी लोंबती कातडी जात नाही. ते पैसे घरात ठेवा. काही दवाखान्यांत यंत्राने उष्णता देऊन कातडी आवळतात. कातडी जराशी सैल असेल तर त्याचा थोडा उपयोग होतो, ४५ किलो उतरलेल्या बाईला नाही. आणि नुसती चरबी ओढून काढली तर कातडी आणखीच रिकामी होते.

दुसरा प्रश्न त्रासाचा. हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या पावसाळ्याचा विचार करावा. चार महिने कपडे वाळत नाहीत, अंग ओलं. कातडीवर कातडी घासते, घाम साठतो, घडीत लाल होतं, सोलतं, मग बुरशी धरते. मधुमेह असेल तर जास्तच. शिवणयंत्रावर बसणारी बाई दिवसभर हात पुढे-मागे करते. काजूच्या कारखान्यातली, मासळी निवडणारी, भाकऱ्या थापणारी, सगळ्यांचा दंड अंगाला घासतो.

यावर साधे उपाय आहेत. आंघोळीनंतर घडी फडक्याने टिपून पूर्ण कोरडी करावी, चोळू नये. सुती, थोडी लांब, अंगाला न चिकटणारी बाही घालावी म्हणजे कातडी कातडीला लागत नाही. ओला ब्लाउज अंगावर वाळू देऊ नये. चट्टा पसरत असेल, पाणी येत असेल, ताप असेल, तर डॉक्टरकडे जावं आणि साखर तपासावी. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं 'खाजेचं मलम' मात्र लावू नका. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि कातडी आणखी पातळ होते. स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा २०१८ सालापासून नियम आहे. दुकानदाराला हे सांगायचं कामही आपलंच.

जेवणाचंही बोलू. वजन उतरवायचं म्हणून बायका नुसत्या चहावर आणि काकडीवर राहतात. मग चरबीबरोबर स्नायूही झिजतो आणि हात जास्तच रिकामा दिसतो. डाळ, कुळथाची पिठी, अंडं, मासे, परवडतं तेव्हा सुकट-जवळा, हे ताटात हवं. घरात सगळ्यांना वाढून उरलं तर आपण, ही सवय इथे कातडीवरही उमटते.

आता तिसरा प्रश्न, ऑपरेशनचा. 'प्लास्टिक सर्जरी' म्हटलं की आपल्याला सिनेमानट्या आठवतात आणि आपण नाक मुरडतो. नाकावरूनच सांगते. १७९० च्या दशकात इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातल्या डॉक्टरांनी तिच्यावरून धडा घेतला. आपल्या देशात बायकांचं नाक कापणं ही 'वाईट चालीची' शिक्षा होती हे विसरू नका. म्हणजे ही विद्या नखऱ्यासाठी जन्मली नाही. माणसाला चारचौघांत तोंड वर करून वावरता यावं, यासाठी जन्मली.

दंडाच्या ऑपरेशनात भूल देऊन जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी कापून काढतात आणि कडा शिवतात. व्रण काखेपासून कोपरापर्यंत येतो, दंडाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला. तो कायम राहतो. सुरुवातीला लाल, जाड असतो, निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत व्रण जाड, उंचवट्याचा होण्याचं प्रमाण जास्त असतं. आधी कुठल्या जखमेचा तसा व्रण झाला असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं. टाके सुटणं, आत पाणी साठणं, सूज, जंतुसंसर्ग होऊ शकतो. दंडाच्या आतून एक मज्जातंतू जातो, त्याला इजा झाली तर कोपराखालचा भाग बधिर होतो, कधी कायमचा.

वजन निदान सहा महिने स्थिर असल्याशिवाय हे ऑपरेशन करू नये. जठराचं ऑपरेशन झालेल्या बाईने साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावं. त्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि प्रथिनं तपासून घ्यावीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या अहवालात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. अशा अंगावर एवढी मोठी जखम करायची म्हणजे आधी अंग तयार करायला हवं. मशेरी, तंबाखू निदान चार आठवडे आधीपासून बंद, नाहीतर जखम भरत नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज राहण्याचा धोका असतो, ते वेगळं विचारावं. आणि नंतर चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. कोकणातल्या बाईला सहा आठवडे हंडा-कळशी उचलू नको म्हणणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे.

ऑपरेशन कोण करतो तेही पाहा. प्लास्टिक सर्जरीतली एम. सीएच. किंवा त्या तोडीची पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका. ब्यूटी पार्लरमध्ये 'चरबी विरघळवणारी' इंजेक्शनं घेऊ नका.

पैशांचं काय? खासगीत खर्च सहज लाखाच्या वर जातो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे भाजलेल्या आणि अपघातातल्या रुग्णांना आधी घेतात, ते बरोबरच आहे, पण म्हणून थांबावं लागतं. ज्यांचा आरोग्यविमा आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळलेल्या उपचारांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यात वगळली आहे. पण अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना, आणि प्रकृतीला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असलेली शस्त्रक्रिया, हे अपवाद आहेत. त्याला उपचार करणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून चट्टे, जखमा, औषधं यांची प्रत्येक नोंद केसपेपरवर करून घ्या. मंजुरी मिळेलच असं नाही, पण नोंद नसेल तर वादालाही जागा उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं सांगून तू आम्हाला ऑपरेशन करा म्हणतेस की करू नका म्हणतेस? त्यासाठी तीन बायकांचं सांगते.

पहिल्या आमच्या शिवणकामवाल्या ताई. त्यांना चट्टे पुन्हा पुन्हा होत होते. त्यांनी मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात नाव घातलं. वाट पाहिली, तीन फेऱ्या झाल्या, मग ऑपरेशन झालं. डाव्या दंडाचे टाके दोन जागी सुटले, त्या म्हणाल्या "उसवले". अजून डाव्या कोपराखाली रुपयाएवढी जागा बधिर आहे. सहा आठवडे गटातल्या बायकांनी पाळ्या लावून त्यांचं पाणी भरलं. आज त्या म्हणतात, "शिवण थोडी वाकडी आहे, पण मापात बसलं." त्या खूश आहेत.

दुसरी एक तरुण मुलगी. बाळंतपणात वाढलेलं वजन तिने उतरवलं. नवरा आखातात. तो तिथून डॉक्टरांच्या जाहिराती पाठवायचा, "मी येईपर्यंत हात करून घे." तिला दुसरं मूल हवं होतं, तिला भूल घ्यायची भीती होती, आणि मुळात तिला काही त्रास नव्हता. ती आमच्याकडे आली ती रडतच. आम्ही सासूशी बोलायला गेलो. वाटलं होतं भांडण होईल. सासूने आपल्या ब्लाउजची बाही वर केली आणि म्हणाली, "हे बघा माझे. माका नाय कुणी ऑपरेशन सांगितलान. फोन लाव गो त्याला." त्या घरात ऑपरेशन झालं नाही.

तिसरी मी. मला चट्टे होत नाहीत, लाजही आता पुष्कळ कमी झाली आहे. मी सगळी माहिती घेतली आणि ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं. उद्या बदलेनही. कधीकधी लग्नाला जाताना आरशासमोर अजून वाईट वाटतं, हे खोटं कशाला बोलू?

तिघींचा निर्णय वेगळा आहे, आणि तिन्ही बरोबर आहेत असं मला वाटतं. मी फक्त दोन गोष्टी पाहते. इच्छा कुणाची आहे? आणि माहिती पूर्ण मिळाली आहे का? हे प्रश्न आपल्या चळवळीला नवे नाहीत. १९८० च्या दशकात स्त्री संघटनांनी नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध आवाज उठवला, १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा हेच विचारलं होतं. बाईला दुष्परिणाम सांगितले का? तिची संमती समजून-उमजून घेतली का? तेच प्रश्न आज दवाखान्याच्या चकचकीत जाहिरातीलाही विचारायचे.

या जाहिराती वाढणार आहेत. वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं २०२५ साली भारतात आली. आता पुष्कळ बायकांचं पुष्कळ वजन पुष्कळ लवकर उतरेल आणि लोंबती कातडी घेऊन त्या आपल्याकडे येतील. हा शहरातल्या श्रीमंतांचा प्रश्न आहे असं समजू नका. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या २४ टक्के आहेत आणि कमी वजनाच्या जवळजवळ १९ टक्के. एकाच देशात, कधी एकाच वाडीत.

आणि 'आधी' व 'नंतर'चे फोटो! २०१७ च्या फेब्रुवारीत सुमारे ५०० किलो वजनाच्या एका इजिप्तच्या बाईला विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं. सगळं जग तिचे किलो मोजत होतं. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं आणि सप्टेंबरात ती तिथे वारली. आपल्याला तिचं वजन आठवतं, तिला स्वतःला काय हवं होतं ते आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? जाहिरातीतले 'नंतर'चे फोटोही नीट बघा. बहुतेक बायकांच्या बाह्या मनगटापर्यंत असतात.

आपल्या आज्यांना सांगितलं होतं, दंड झाका, लाज आहे. आज मुलींना सांगतात, दंड दाखवा, पण असा दाखवू नका. हुकूम बदलला, हुकूम देणारे तेच राहिले. र. धों. कर्व्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्याच दापोली तालुक्यातलं मुरुड. त्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. शरीराविषयी मोकळेपणाने बोललं पाहिजे, एवढंच ते सांगत होते. शंभर वर्षं होत आली, आणि आपल्या बैठकीत अजून एक बाई आपला दंड दाखवायला सगळ्या जाईपर्यंत थांबते.

म्हणून आपल्या गटांसाठी माझ्या काही सूचना आहेत. बैठकीची सुरुवात 'बारीक झालीस', 'सुटलीस गं' अशी करायची नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आरोग्य शिबिरात वजन आणि साखर घेतो तसं कातडीच्या घडीतल्या चट्ट्यांचंही विचारायचं, आडोसा करून. जठराचं ऑपरेशन किंवा ही नवी इंजेक्शनं घेणाऱ्या बाईला कातडीचं आधीच सांगायचं, म्हणजे नंतर तिला फसल्यासारखं वाटत नाही. मुंबईला किंवा कोल्हापूरला दाखवायला जाणाऱ्या बाईबरोबर एकीने जायचं, प्रश्न कागदावर लिहून न्यायचे. ऑपरेशन झालंच तर तिचं पाणी भरायचं. आणि कुणी नको म्हणाली तर तिच्या घरच्यांसमोर तिच्या बाजूने उभं राहायचं.

रक्तक्षय, दारू, मारहाण हे विषय मोठेच आहेत. पण ज्या बाईला आपला हात लपवावासा वाटतो ती ग्रामसभेत हात वर करत नाही, पंचायतीच्या बैठकीत मागे बसते, एवढं मी स्वतःवरून शिकले. आपण तिला 'हा काय विषय झाला?' म्हटलं की ती पुन्हा येत नाही. त्या ताई दोन बैठकांनंतर परत आल्या, कारण मी त्यांच्या घरी गेले. मी गेले नसते तर?

माझं बोलणं इथे थांबवते. चर्चेला अर्धा तास आहे. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही त्यांच्यासाठी चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत बसणार आहे, दार लावून. या.